मधूनच घरी जाता येतं

झोपलात का रे? नाही ना, मग ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. वालजीने स्वतः माझ्या ओट्यावर बसून सांगितलेली आहे. तिकडे गुजरातेत, धोळका गावाच्या रस्त्यावर आम्ही दोघं एकाच मालकाच्या गाड्या चालवायचो.

वालजीचा एक जोडधंदा होता. शहराबाहेर नवी औषधं माणसांवर तपासून बघणारं केंद्र आहे, तिथे तो गावोगावची माणसं भरून न्यायचा. "ताकदीचं औषध आहे. साहेब कॅमेऱ्यासमोर कागद वाचून दाखवतील, तुम्ही फक्त हो म्हणायचं," एवढंच शिकवायचा. साहेबापुढे नाही म्हणणं त्या माणसांत उद्धटपणा, त्यामुळे सगळी मुकाट मान डोलवायची. औषधाने अपाय होऊ शकतो, नको वाटलं तर केव्हाही उठून घरी जाता येतं, हे वालजीला तोंडपाठ होतं. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

खारीसरच्या रईबेनने तर त्याचा हात धरला होता. "भाई, जीव घाबरतोय, मला घरी ने." हा म्हणाला, "एकदा हो म्हटलं की सुटका नाही, बेन." दोन दिवसांनी त्या औषधानेच तिचा जीव गेला.

त्यानंतरची पौष वद्य त्रयोदशीची रात्र. वालजी जेवायला बसला आणि बायको म्हणाली, विपुल दुसऱ्या दलालाबरोबर तिथेच गेलाय, पहाटे पहिला डोस आहे. एकुलता एक पोरगा. आत गेल्यावर फोन काढून घेतात, हे वालजीइतकं कुणाला ठाऊक? तो ताटावरून उठला आणि गाडी काढली.

रस्ता सुनसान होता. वालजी एकटाच बडबडत होता. देवा, पोराला वाचव. मला ने, पण त्याला वाचव.

मागच्या सीटवरून आवाज आला.

"वालजीभाई, मधूनच घरी जाता येतं?"

आवाज ओळखीचा. मागे वळायची हिंमत झाली नाही.

"येतं... येतं, बेन."

"कुणालाही?"

"कुणालाही."

वालजीने गाडीचा वेग वाढवला. मग...

"मला का नाही सांगितलंस?"

 

बांगड्या वाजल्या. त्याने आरशात पाहिलं. सीट रिकामी.

केंद्रापाशी पोचला तर विपुल फाटकाबाहेर उभा, थंडीने कुडकुडत.

"बापा, त्या बाईला तुम्हीच पाठवलंत ना?"

"कुठल्या..."

"माझ्या खाटेशी येऊन बसली. औषधाने काय काय होऊ शकतं, सगळं समजावलं. म्हणाली, नको असेल तर नाही म्हण, कुणी अडवू शकत नाही. मी नाही म्हटलं. खरंच सोडलं की हो."

वालजी हमसून हमसून रडला. पोराला वाटलं, आनंदाने रडतोय.

डोससाठी विपुलच्या हातात आधीच खुपसून ठेवलेली सुई काढून टाकलेली होती. तिथे लाल बांधणीची चिंधी बांधली होती. रईबेन सवाष्ण गेली. तिला लाल बांधणी नेसवून चितेवर ठेवलं, तेव्हा वालजी समोरच उभा होता.

चिंधीची एक कड जळलेली होती. त्याने हात लावून पाहिला, तर ती अजून गरम होती.