आतून न उघडणारं दार

गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी चामड्याची शेवटची शिवण घालत होते, तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन टेकलं आणि… खट्ट! दार लागलं.

“अहो, दार कशाला लावलंत?”

“ड्रायव्हर आहे मी. उघडं दार दिसलं की हात आपोआप जातो.” तो ओशाळून हसला. “उद्यापासून ही गाडी मीच चालवणार. म्हटलं, जरा बसून बघावं.”

“आतली हँडलं अजून बसवलीच नाहीत! दारं फक्त बाहेरून उघडतात.”

त्याचं हसू मावळलं. बाहेर चिटपाखरू नव्हतं; सगळा कारखाना जेवायला गेलेला. दोघांचेही फोन फाटकावर जमा. आणि गाडीच्या डोक्यावर रंग वाळवायचे मोठाले दिवे तापत होते.

दोघांनी काचा बडवल्या, हाका मारल्या. कुणी आलं नाही. मला लहानपणापासून बंद जागेची धास्ती. घाम निथळू लागला, नजर बंद काचेवरून हटेना…

त्याच्या ते लक्षात आलं. “काचेकडे नको — माझ्याकडे बघा. कसा दिसतो मी?”

“घामाघूम.”

“आणि?”

“आगाऊ.”

“म्हणजे नजर शाबूत आहे!”

मला हसू फुटलं. पण लगेच डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यानं माझ्या अवजारांतली हातोडी उचलली.

मी त्याचं मनगट धरलं. “वेडे आहात का? अशी गाडी जगात एकच आहे. ही काचही एकच. नोकरी जाईल तुमची!”

“तुम्हीही एकच आहात,” तो हळूच म्हणाला. “डोळे मिटा.”

काच फुटली. गार झुळूक आत आली. आवाजानं माणसं धावली, त्यांच्यामागून गाडी बघायला आलेल्या तिच्या मालकीणबाई.

“कुणी फोडली?”

“मी,” आम्ही दोघं एकदम बोललो.

हातोडी मात्र त्याच्याच मुठीत होती. बाईंनी काही ऐकून घेतलं नाही. तिथल्या तिथे त्याला नारळ दिला.

मी फाटकापर्यंत धावत गेले. तो पाठमोरा चालला होता.

“आता कुठे जाणार?”

“जिथे कुणाला ड्रायव्हर हवा असेल, तिथे.”

“लांब?”

“असेलही…”

“मग नका जाऊ.”

“का?”

“का काय? आवडता तुम्ही मला! आणखी किती फोड करून सांगू?”

तो वळला. कानापर्यंत लाल झाला होता.

“आणखी एकदा सांगा,” तो म्हणाला, “मग कुठेच जात नाही.”