सावलीची कड

सात तांबड्या, तीन काळ्या, एक ठिपक्यांची. सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी बाबांच्या परसात अकरा कोंबड्या होत्या. नऊजणी अंडी देत होत्या. कुंपणापलीकडच्या मेपलच्या झाडावर चौदा कावळे होते.

काळ्या तिघी मुद्दाम पाळलेल्या. आमच्या व्हर्माँटच्या डोंगरात पुष्कळजण तसं करतात. वरून त्या कावळ्यांसारख्या दिसतात, आणि कावळ्यांच्या वाटेला ससाणा जात नाही. बाबा तर रोज सकाळी खऱ्या कावळ्यांनाही मूठभर मका टाकायचे. म्हणायचे, "माझे पहारेकरी. चोर आहेत, पण कामाला चोख."

त्या वर्षी बर्ड फ्लू पसरला होता. मी जूनमध्ये प्राणिशास्त्राची पदवी घेऊन परतले होते. रानपक्षी परसात नकोत म्हणून मी मका बंद केला.

"नको करूस," बाबा म्हणाले.

"का?"

"माझ्या बापाने कधी बंद केला नाही."

"हे कारण झालं का, बाबा?"

पाचव्या दिवशी मेपल रिकामा होता.

अर्धांगाच्या झटक्यात बाबांचा डावा हात गेला होता. त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं माझ्या थोरल्या बहिणीने, कॉरिनने, ठरवलंच होतं. मोठ्या भांडणानंतर दोघांत एवढंच ठरलं, की परसात एक जरी कोंबडी असली तरी बाबा घर सोडणार नाहीत. कॉरिन दर रविवारी फोन करायची. पहिला प्रश्न तोच: "किती राहिल्या?"

सावली पहिल्यांदा दिसली ती पुढच्या आठवड्यात गुरुवारी, दुपारी बारा चाळीसला. कोंबड्या जागच्या जागी थिजल्या. पसरलेल्या पंखांचा एक फिकट आकार गवतावरून गेला. मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. बाकीच्या कोंबड्या उठल्या, ठिपक्यांची उठली नाही. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी तिला कापून पाहिलं. हृदय, फुप्फुसं, पोटातले दाणे, सगळं जसंच्या तसं.

ससाणा सूर्याच्या रेषेत असेल, कोंबडी भीतीने मेली असेल, असं मी वहीत लिहिलं.

शुक्रवारी एक तांबडी गेली. शनिवारी आणखी एक. मी परसावर दोन मीटर उंचीवर जाळी ताणली, जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि खुराड्याच्या छपरावर फोन लावून चित्रण सुरू केलं.

सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड धूसर पडते. वस्तू जमिनीपासून जितकी दूर, तितकी ती धूसर पट्टी रुंद. दर मीटरला साधारण एक सेंटीमीटर. आकाशात काही दिसत नसलं तरी ते किती अंतरावर आहे हे मोजता येत होतं.

रविवारी पट्टी एकतीस सेंटीमीटर भरली. मंगळवारी अठरा. गुरुवारी सहा. रोज एक कोंबडी कमी होत होती.

"चार वर्षं शिकलीस ती हे मोजायला?" बाबा पायरीवरून म्हणाले.

"खाली येतंय ते, बाबा."

"ते मलाही दिसतंय. मोजपट्टी न लावता."

मी मका टाकला. पोतंभर टाकला. एकही कावळा आला नाही. कोंबड्या खुराड्यात कोंडल्या, तर बारा चाळीसला आतल्या भुशावरून सावली गेली. खुराड्याला खिडकी नाही.

शनिवारी त्यांना पुन्हा जाळीखाली सोडलं. कड एक सेंटीमीटर, म्हणजे ते जाळीच्याही खाली. जाळी कुठेही फाटली नव्हती.

रविवारी एकच उरली, म्हातारी काळी मेबल. तिने दोन वर्षांत अंडं दिलं नव्हतं. सकाळी कॉरिनचा फोन आला. बाबांनी मला बोलूच दिलं नाही.

"आहे एक," ते फोनवर म्हणाले. "आणि तुझी खोली तुलाच लखलाभ."

साडेबाराला त्यांनी मेबलला कोटाच्या आत घेतलं आणि परसाच्या मधोमध खुर्ची मांडायला सांगितली.

"घरात बसा ना. दार लावून घेऊ."

"कोंडलेली कोंबडी आणि वृद्धाश्रमातला म्हातारा, दोघांत फरक काय गं?"

मी खुर्ची मांडली. मग छपरावरच्या फोनचं चित्रण सुरू केलं.

बारा चाळीसला सावली आली. या वेळी पुढे सरकली नाही. बाबांवर थांबली.

मेबल थिजली नाही. कोटातून बाहेर पडली, खाली उतरली आणि मक्याचे दाणे टिपू लागली.

"याला वजन आहे गं," बाबा म्हणाले.

"सावलीला वजन नसतं, बाबा."

"मग तू ये इथे, बस."

आवाजात चेष्टा होती. मी हसले. काही वेळाने पुन्हा हाक मारली. त्यांनी उत्तर दिलं नाही. डोळे उघडे होते.

सावली अजून तिथेच होती. छातीवर एक पंख, मांडीवर दुसरा. वर जाळी आणि निळं आभाळ.

मला त्यांचा हात धरता आला असता. मी खिशातून मोजपट्टी काढली, गुडघ्यांवर बसले आणि कोटाच्या बाहीवर, जिथे सावली संपत होती, तिथे ती धरली.

तीन वेळा मोजलं. धूसर पट्टीची रुंदी: शून्य मिलिमीटर.