चार नंबरचा पुठ्ठा

ही गोष्ट खरी कशावरून, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला फक्त एक वही आहे. तिच्यात तारखा आहेत आणि टेपनं घेतलेली मापं आहेत. अक्षर माझ्या मामाचं, बद्रीनाथचं. मी रसायनशास्त्र शिकलोय. न मोजलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून वहीत जे आहे आणि मामानं स्वतः जे सांगितलं, तेवढंच इथं मांडतो.

जागा चिकलठाणा एमआयडीसी. डिसेंबर २०११ ते जानेवारी २०१२. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

हे सगळं घडलं ते सकाळी, चांगल्या उजेडात...

बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात तयार भागांची मापं तपासायचा. केसभर फरक असला तरी माल परत पाठवायचा. सुट्टीच्या दिवशी त्याला एकच नाद होता, जुनी गाडी. १९६४ सालची, गोल बोनेटची, मोरपंखी रंगाची एक गाडी त्यानं भंगारातून उचलली होती आणि तीन वर्षं तिच्यात जीव ओतला होता.

नाद त्याचा, पण गाडी वडिलांसाठी होती. तात्यासाहेब, म्हणजे माझे आजोबा. पाचोडला राहायचे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, आम्हीही. लग्नानंतर ते आजीला घेऊन वेरूळला गेले होते, कुणाची तरी मागून आणलेली अगदी अशीच गाडी चालवत, दौलताबादच्या घाटातून. आजीला, लक्ष्मीबाईला, जाऊन आता सहा वर्षं झाली होती. तात्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी बद्रीनाथला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार पुढचं ठरवू नका.

“एकदा तसल्याच गाडीनं, त्याच घाटातनं ने मला,” तात्या म्हणाले होते. “मग माझं काय मागणं नाय.”

दिवस ठरला. नऊ जानेवारी. सोमवार, महादेवाचा वार.

गाडीचं शेवटचं काम बाकी होतं आणि राहत्या इमारतीखाली पोरं क्रिकेट खेळायची. बोनेटवर पहिला चेंडू बसला त्याच दिवशी बद्रीनाथनं जागा शोधायला सुरुवात केली.

काकासाहेब नावाच्या मालकाची शेड त्याला अशी सापडली. प्लायवूडचा बंद पडलेला कारखाना. आत पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या सहा जागा. प्रत्येकीला एक ट्यूबलाइट, एक प्लग, एक लोखंडी कपाट. जुन्या गाड्यांचे वेडे तिथं भाड्यानं जागा घेत आणि सुट्टीचा दिवस हात काळे करण्यात घालवत.

“चार नंबर सोडून कुठलीबी घ्या,” काकासाहेब म्हणाले.

“चार कुणाची?”

“ती देत नाय.”

एवढंच. बद्रीनाथनं पाच नंबर घेतली आणि रोज सकाळी तिथं यायला लागला.

चार नंबर रिकामी होती. गाडी नाही, कपाटाला कुलूप नाही. राखणदार मल्हारी आणि त्याची बायको बानाबाई शेडच्याच दारातल्या खोलीत राहायचे. बानाबाई सगळी शेड झाडायची, पण चार नंबरच्या पट्टीशी आली की झाडू थांबायचा. तिथं धुळीचा पातळ थर होता.

आणि त्या धुळीत, मधोमध... एक मोठा पुठ्ठा अंथरलेला होता.

जुन्या गाडीवाल्यांना हे सांगायला नको. गाडी उभी केली की तिच्याखाली पुठ्ठा टाकायचा. सकाळी त्यावरचे डाग बघायचे. कुठून काय गळतंय ते पुठ्ठा सांगतो. बद्रीनाथही आपल्या गाडीखाली टाकायचा.

पण रिकाम्या जागेत?

“ताई, हा कशाला?” त्यानं बानाबाईला विचारलं.

“टाकावा लागतोय,” ती म्हणाली. “रोज सांच्याला नवा.”

“गाडी नाही तिथं?”

“तुमी तुमचं काम करा ना साहेब.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सहज बघितलं.

पुठ्ठ्यावर तीन डाग होते.

वर पत्रा होता, कोरडा. पाइप नव्हता. पावसाळा कधीच संपला होता. एक डाग काळा. एक दाट, मधासारखा. तिसऱ्याला गंधकाचा उग्र वास. इंजिनाचं तेल, गिअरचं तेल, मागच्या धुऱ्याचं तेल... त्याच्या नाकाला ओळख पटली.

त्यानं टेप काढला. पहिल्या डागापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं. मग आपल्या गाडीखाली शिरला आणि तिथलं अंतर मोजलं. इंजिनाच्या तळाच्या बोल्टपासून मागच्या धुऱ्याच्या गोळ्यापर्यंत.

दोन्ही आकडे वहीत आहेत. फरक चार मिलिमीटरचा.

चार नंबरमध्ये त्याच्याच गाडीसारखी गाडी उभी होती. दिसत नव्हती, इतकंच.

“काहीतरी जुनं मुरलेलं असेल फरशीत,” तो स्वतःशी म्हणाला. पण फरशीतलं तेल पुठ्ठ्याच्या खालच्या बाजूला लागतं. हे वरच्या बाजूला होतं.

सव्वीस डिसेंबरला चौथा डाग आला.

मागे, डावीकडे, चाकाच्या आतल्या अंगाला. पातळ, फिकट पिवळा. बद्रीनाथनं त्याचा थेंब बोटावर घेऊन पाण्याच्या पेल्यात सोडला. बाकीची तेलं पाण्यावर तरंगतात. हा थेंब पाण्यात विरून गेला. दुसरा थेंब त्यानं रंगवलेल्या पत्र्यावर ठेवला. तासाभरानं रंग सुरकुतला होता.

ब्रेक ऑइल.

त्यानं स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावलं.

पातळी बोटभर उतरली होती...

त्याच्या गाडीखालचा पुठ्ठा कोरडा होता. चारही चाकं कोरडी. मागचं डावं चाक त्यानं उतरवलं, ड्रम काढला, आतला रबर तपासला. नवाकोरा. तरी तो बदलला. डबी भरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर कमी. आणि चार नंबरच्या पुठ्ठ्यावर तेवढाच डाग.

तेल त्याच्या गाडीतून जात होतं. गळत होतं शेजारी.

हे सलग सहा दिवस चाललं. घरी फोनवर तात्या रोज विचारायचे, “काय रं, झाली का नवरी तयार? का आजून नटवायलाय?” तो म्हणायचा, “झालीच.”

एक जानेवारी, रविवार. सकाळचे पावणेआठ. बद्रीनाथ गाडीखाली उताणा पडून मागचा पाइप तपासत होता. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. दार उघडं, ऊन आत आलेलं. विमानतळावरून सकाळचं विमान उडालं, पत्रे थरथरले आणि पुन्हा शांत झालं.

मग आवाज आला.

खर्रर्र...

पुठ्ठा फरशीवर सरकल्याचा.

त्यानं मान वळवली. गाडीखालून, जमिनीलगत, त्याला चार नंबरची जागा सरळ दिसत होती. तिथं पाय नव्हते. चपला नव्हत्या. कुणीच नव्हतं.

पण धूळ दबत होती.

आधी एक गोल... त्याच्या शेजारी दुसरा. सावकाश, म्हाताऱ्या माणसानं टेकावेत तसे. दोन गुडघे. मग थोडं पुढं पाच बोटांचा पंजा उमटला. पुठ्ठ्याची एक कड वर उचलली गेली, उजेडाकडे कलली आणि तशीच राहिली. कुणीतरी डाग निरखत होतं.

किती वेळ? वहीत लिहिलंय, ‘श्वास धरून होतो. एका मिनिटाच्या आत.’

पुठ्ठा खाली टेकला. आणि त्या बाजूनं, अगदी जवळून, एक सुस्कारा ऐकू आला.

बद्रीनाथ गाडीखालून निघाला तेव्हा त्याचं कपाळ फुटलं होतं. पाइपला आपटलेलं त्याला कळलंच नव्हतं.

मल्हारी दारात विडी ओढत बसला होता. बद्रीनाथच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं विडी विझवली.

“दिसलं व्हय?”

“कोण आहे तिथं?”

मल्हारीनं आधी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “सांगा आता. लपवून काय उपेग?”

“आप्पासाहेब,” मल्हारी म्हणाला. “छावणीत ऱ्हायचे. रिटायर इंजिनेर. तुमच्यावाणीच गाडी, रंग तेवढा पांढरा. लई निगुतीचा माणूस. सकाळी यायचे, गुडघे टेकून पुठ्ठा बघायचे, मगच गाडीला हात लावायचे. न बघता कधी चावी फिरवली नाय.”

“मग?”

“म्या नवा होतो. तिसराच दिवस. मेंढरं इकून गावाकडनं आलेलो, मला काय ठावं पुठ्ठ्याचं? सकाळी बघितलं तर ह्ये घाण झालेलं. म्हनलं साहेब यायच्या आधी साफ करावं, साहेब खूश हुतील.” त्यानं विझलेली विडी फेकली. “डागाचा पुठ्ठा म्या जाळला. पंख्याच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा टाकला. साहेब आले. गुडघ्यावर बसले. कोरा बघून हसले. म्हनले, ‘मल्हारी, आज गाडी ठणठणीत.’ अन्‌ दौलताबादच्या घाटात...”

बानाबाईनंच वाक्य पुरं केलं.

“ब्रेक लागला नाय.”

“तवापासनं येत्यात,” मल्हारी म्हणाला. “आधी नुस्ता आवाज यायचा. हिनं पुठ्ठा टाकला तवा थांबला. म्हनून टाकतो. अन्‌ त्यांनी बघितल्याबिगर उचलत नाय. पर साहेब, ब्रेकचा डाग आजवर कधीच पडला नव्हता. तुमी गाडी आणली अन्‌...”

बद्रीनाथनं त्या आठवड्यात ब्रेकची सगळी यंत्रणा नवी बसवली. पाइप, रबर, डबी, सगळं. शेडच्या आवारात वीस वेळा गाडी पळवून वीस वेळा थांबवली. प्रत्येक वेळी ती जागच्या जागी उभी राहिली. जागा सोडून जावं असंही त्याच्या मनात आलं. पण तात्यांचे पाय सुजायला लागले होते. दिवस हातात मोजके होते, आणि डोळ्यांनी बघितलेल्या ब्रेकवर विश्वास ठेवायचा की रिकाम्या जागेतल्या डागावर?

डाग मात्र रोज पडत होता. आठ तारखेलाही पडला.

नऊ जानेवारी. सकाळी सात.

तात्या पांढरं धोतर, टोपी, हातात रबरी टोकाची काठी, कागदात गुंडाळलेला बेल, अशा थाटात रिक्षातून शेडवर उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली. पुढच्या डाव्या दारावर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले.

“ती हितं बसली व्हती,” ते म्हणाले. “आज म्या तिच्या जागंवर बसतो. तू चालव.”

ते बसले. बद्रीनाथनं बोनेट उघडलं.

ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरलेली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच एक थेंब कमी झाला नव्हता.

त्याला हसू आलं. संपलं एकदाचं. त्यानं शेजारी बघितलं.

चार नंबरचा पुठ्ठा कोरा होता.

एकही डाग नाही...

“बानाबाई!” त्यानं हाक मारली. “आज लवकर बदललात?”

ती दारातूनच म्हणाली, “नाय. म्या हातबी लावला नाय आजून.” मग जवळ आली आणि पट्टीपाशी थबकली. “ह्यो माझा न्हवं. म्या कूलरच्या खोक्याचा टाकला व्हता.”

मल्हारी आला. वाकला. कोपऱ्यावर पंख्याचं चित्र होतं. पुठ्ठा कडांना पिवळा पडलेला, जुना, पण वर एक ठिपका नव्हता.

मल्हारी दोन पावलं मागं सरला.

“ह्यो त्या दिवशीचा हाय,” तो म्हणाला. “म्या टाकलेला...”

धुळीत दोन गोल खड्डे होते. ताजे.

“बद्र्या,” गाडीतून तात्या ओरडले, “ऊन व्हायच्या आत घाट चढू दे की!”

बद्रीनाथ गाडीत बसला. ब्रेक दाबला. दगडासारखा घट्ट. पुन्हा दाबला. घट्ट. त्यानं चावीला हात लावला आणि त्याच क्षणी त्याला आठवलं, कोरा पुठ्ठा बघून आप्पासाहेबही हसले होते.

त्यानं चावी काढून खिशात टाकली.

“तात्या, उतरा. आपण टॅक्सीनं जाऊ.”

“का? काय बिघडलं?”

“काहीच नाही.”

“मग?”

तात्यांनी मुलाकडे बघितलं.

“टॅक्सीनं म्या कवाबी जाईन. तुझी आई टॅक्सीत बसली व्हती व्हय?”

ते स्वतःच दार उघडून उतरले. बेल सीटवरच राहिला. ते पाचोडला परत गेले, आणि पुढं वेरूळचं नावही कधी काढलं नाही.

फेब्रुवारीच्या सत्तावीस तारखेला ते झोपेतच गेले.

मामानं शेड जानेवारीतच सोडली होती. गाडी पाचोडच्या घरामागं पत्र्याखाली उभी आहे. त्या सोमवारपासून ब्रेकचं तेल कधी कमी झालेलं नाही. ब्रेक आजही घट्ट आहे. मामा मला नेहमी एकच विचारतो, “डाग दाखवणारा आणि कोरा पुठ्ठा टाकणारा, दोघं एकच होते का रे?” मी काय सांगू? चौदा दिवस सावध करणारा माणूस पंधराव्या दिवशी कोरा पुठ्ठा का टाकेल? आणि त्यानं टाकला नसेल, तर कुणी टाकला? आणि त्या दिवशी ते दोघं गेले असते तर काहीच झालं नसतं, असंही असू शकतंच. ते मामाला जास्त खातं.

गेल्या दिवाळीत मी पाचोडला होतो. मामा अजूनही रोज संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकतो. सकाळी मी त्याच्याआधी उठून गेलो. पुठ्ठा कोरडा होता. मागच्या बाजूला मातीत दोन गुडघे आणि एक पंजा. ते इथंही रोज उमटतात, हे मामाकडून मला माहीत होतं.

पण पुढं, डाव्या दारापाशी, आणखी एक खूण होती. छोटा, खोल गोल. एकच. कुणीतरी काठी टेकवून दार उघडायची वाट बघत उभं असावं, तसा.

मी मोजला. सव्वीस मिलिमीटर.

तात्यांची काठी अजून माजघरात खुंटीला आहे. मी ती काढली आणि तिच्या रबरी टोकाला टेप लावला.

मग काठी जागच्या जागी ठेवली. मामाला मी तो आकडा सांगितलेला नाही. त्याच्या वहीत, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात लिहून ठेवलाय.