पंप कोणी उतरवला

कोकिळाबाईच्या शोकसभेले लागणारा शेवंतीचा हार घाटंजीहून मी आणला. सरपंच किसनरावनं मलेच सांगतलं होतं. बाई आमच्या घरी चहा पेत, म्हणून दोन शब्द बोलाचा मानही मलेच होता.

बाई मेंदूच्या मोठ्या डाक्टर. कपाशीवर फवारतो ते औषध माणसाच्या डोक्यात काय करते, हे आमच्या भागात पहिले त्याहीनंच दाखवलं. उन्हातान्हात बांधानं फिरल्या, फवारणाऱ्यांचे हात धरधरून पाह्यले. फवारणीनं मेलेल्याचा मेंदू तपासाले मागत तं लोक दार लावून घेत. अधुरा देह जाळला तं माणूस भटकते, म्हणत. बाई हासत. म्हणत, माझा मेंदू तर मी कॉलेजला लिहून दिलाय, भटकायचं असेल तर मीच भटकेन.

माह्या नवऱ्याचे, डोमाजीचे, हात थरथरत. पोरीचं नाव आठवत नसे. याच्या पाठीवर फवारणीचा पंप चढू देऊ नको, असं बाईनं मले बजावलं होतं. अन् त्या सकाळी, हार आणाले निघाच्या आधी, पंपाचा पट्टा म्याच कसून देल्ला. बोंडअळी पडली होती, मजूर भेटत नव्हता. कारणं खरी हायेत. पण कारणानं तोंड धुतल्या जात नाही.

सभा शाळेत, भर दुपारी. लाइन गेलेली, पंखा बंद. खिडकीतून वारा आला का फवाऱ्याचा उग्र वास आत ये. सगळे नाक दाबून बाईची तारीफ ऐकून राह्यले होते.

मी उठली. तोंड उघडलं, अन् मागच्या बाकड्यावर नजर गेली.

बाई बसल्या होत्या.

रागानं नाही पाह्यलं. आपलं लेकरू चोरी करताना सापडलं का माय पाहते, तसं पाह्यलं.

"डोमाजी कुठं आहे?"

कोणाचीच मान वळली नाही.

"वावरात…" मी म्हणली. "फवारून राह्यला…"

लोकांले वाटलं, भाषणच हाय. किसनराव खाली पाहू लागला, त्याचेही गडी वावरातच होते. शेजारची वच्छलाबाई हळूच म्हणे, "हार आणाले बरा वेळ भेटला तुले."

मी पुन्हा पाह्यलं. बाकडं रिकामं.

पळत वावरात गेली. कपाशी डोक्याइतकी, माणूस दिसत नव्हता. हाका मारल्या. मग बांधावरच्या पळसाखाली डोमाजी दिसला. अंग धुतलेलं. पंप बाजूले आडवा. डोक्याले पांढरी पट्टी, दवाखान्यात बांधतात तशी.

"पंप कोणी उतरवला?"

"बाईनं."

"अन् हे डोस्क्याले काय?"

"त्याहीनंच बांधलं… सोडू नको म्हणे. डोस्कं सांभाळून ठेव म्हणे…" तो गोड हासला. "येते म्हणे घ्याले."

पंप म्या त्याच दिवशी फोडला. डोमाजी आता बरा हाय. हात थरथरत नाहीत. लोक म्हणतात, नशीब तुह्यं.

पट्टी सोडाले माहा हात जात नाही. कोणत्या तोंडानं सोडू? ते डोस्कं बाईनं जपलं, म्या नाही.

पण रोज सकाळी ती पट्टी कोरी करकरीत असते. अन् माह्या घरात पांढरं कापड नाही.