आलेखाची डावी बाजू

बरणी माझ्या हातातून सुटली ती नेमकी जिन्याच्या वळणावर. झाकण उडालं आणि घेवड्याच्या बिया टपटपत खाली निघाल्या. खालून वर येणारा माणूस त्यांच्यावर पाय पडून घसरला, कठड्याला लोंबकळला आणि तसाच लोंबकळत म्हणाला, "नमस्कार."

तो संख्याशास्त्राचा नवा शिक्षक. वेळ विचारली तरी सेकंदांसकट सांगायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव 'दशांश' ठेवलं होतं.

"लागलं का?"

"मला नाही. बियांना विचारा."

तो गुडघे टेकून वेचायला लागला.

"समोरच्या टपोऱ्याच नका उचलू हो!" मी जवळजवळ ओरडलेच. "कोपऱ्यातल्या बारक्याही हव्यात. बाबांच्या आहेत."

त्याने मान वर करून पाहिलं. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. न्यूमोनियाने गेले. त्यांचा बारावीचा जीवशास्त्राचा वर्ग तात्पुरता माझ्याकडे आला होता. ते आठवल्यासारखा तो जिन्यातली फट न् फट बोटाने चाचपत राहिला.

"शंभर," शेवटी तो म्हणाला.

"चौऱ्याहत्तर असायला हव्यात. वहीत तसंच लिहिलंय."

"मॅडम, मी प्रेमात चुकेन, मोजण्यात नाही."

"दोन्हीचा पुरावा लागेल."

"मोजण्याचा आत्ता देतो," तो म्हणाला आणि लाल झाला.

मोजून पाहिल्या. शंभरच निघाल्या.

बाबांचा प्रयोग साधा होता. शाळेच्या मागच्या वाफ्यात घेवडा लावायचा. पीक आलं की डोळे मिटून त्यातल्या शंभर बिया काढायच्या, व्हर्निअर मोजपट्टीने एकेकीची लांबी मोजायची, बरणीत भरून ठेवायच्या. मग उरलेल्यांतल्या सगळ्यात लांब बिया निवडून पुढच्या वर्षी पेरायच्या. अकरा वर्षं, अकरा बरण्या, एक वही. सरासरी दरवर्षी वाढत गेली होती. एकाच वाफ्यातल्या बियासुद्धा सारख्या नसतात आणि त्यांतून निवडत गेलं की पिढ्या बदलतात, हे मुलांना हातात धरून दाखवता यायचं.

पुढच्या शुक्रवारी प्राचार्य माझ्या तासाला मागे बसणार होते. वर्ग माझ्याकडे ठेवायचा की दुसऱ्या कुणाला द्यायचा, ते त्यावर ठरणार होतं. मी बाबांच्या वहीवरून आलेख काढून तोच शिकवणार होते.

"वही द्या," हे सगळं ऐकून दशांश म्हणाला. "आलेख मी काढतो. आणि ही अकराव्या वर्षाची बरणीही द्या. सव्वीस बियांचं कोडं सोडवल्याशिवाय मला झोप यायची नाही."

शनिवारी त्याने चहा पिता पिता मला प्रमाण विचलन समजावलं. कागदावर डोंगरासारखा आलेख काढला. "बहुतेक जण मध्ये. थोडे इकडे, थोडे तिकडे."

"आणि तुम्ही?"

"अगदी कडेला… एकटाच."

"बघा हं, कडेचे आधी निवडले जातात."

"कोणत्या कडेचे, त्यावर आहे ते," तो म्हणाला. त्याने पेन्सिल खाली ठेवली नाही आणि पुढे काही काढलंही नाही.

सोमवारपासून मात्र तो मला टाळायला लागला. शिक्षक-खोलीत मी शिरले की तो उठायचा. मंगळवारी मला पाहून चक्क उलटा जिना उतरून गेला. काय बोलून बसले मी? शनिवारचं एकेक वाक्य मी मनात उलटसुलट करून पाहिलं. शुक्रवारची धास्ती कमी होती म्हणून की काय, आता ही आणखी एक.

गुरुवारी शाळा सुटल्यावर तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. हातात दोन कागद.

"हा सहाव्या वर्षाचा. हा अकराव्याचा."

पहिल्या कागदावर डोंगर होता. दुसऱ्यावरही होता, पण डावा उतार कुणी सुरीने कापून न्यावा तसा नाहीसा.

"बारक्या बिया कमी झाल्या," मी म्हणाले. "निवडीने. तोच तर धडा आहे."

"मग बरणीत कशा आहेत? मी सगळ्या शंभर मोजल्या. वहीत नाहीत त्या सव्वीस बारक्या आहेत." तो थांबला. "सहाव्या वर्षापर्यंत वहीत दरवर्षी शंभर मापं आहेत. मग सत्त्याण्णव, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी… बारकी बी व्हर्निअरमध्ये धरायला बोटं स्थिर लागतात. त्यांच्या हातून… निसटत असणार."

बाबांच्या हाताला कंप आहे, हे मला शेवटच्या दोन वर्षांत कळलं होतं. वही पाच वर्षांचं सांगत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे."

"तीन दिवस शब्द शोधत होतो."

"सापडले?"

"नाही. म्हणून आलेख आणले."

मी वही ओढून घेतली. "म्हणजे बाबा चुकीचं शिकवत होते, असंच ना?"

"तसं नाही. सरासरी वाढलीच असेल, फक्त दिसते तेवढी नसेल. उद्या पहिली सहा वर्षंच दाखवा. कुणाला कळणार नाही."

"तुम्हाला कळेल," मी म्हणाले आणि त्याच्याकडे न बघता निघाले.

घरी आईला बाबांच्या हाताबद्दल विचारलं. ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली.

"बटणं मीच लावून द्यायचे," ती म्हणाली. "पुढे टी-शर्ट घालायला लागले. तू हसायचीस, म्हातारपणी फॅशन म्हणून."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझी परीक्षा होती. मग नोकरी. मग राहूनच गेलं गं."

शुक्रवारी मी दोन्ही आलेख फळ्यावर लावले. प्राचार्य शेवटच्या बाकावर. माझा खडू दोनदा मोडला.

"याची डावी बाजू कुणी खाल्ली?" मी विचारलं.

"पाखरांनी!" "पाऊस कमी पडला असेल!" "उंदीर, मॅडम!"

मग खिडकीजवळची मुलगी हळूच म्हणाली, "मोजणाऱ्याने?"

"हो," मी म्हणाले. "निवड फक्त वाफ्यात झाली नाही. मोजताना हातानेही केली. सरांचा हात थरथरायचा, बारक्या बिया निसटायच्या. पण त्यांनी लपवलं नाही. दरवर्षी किती मोजल्या, तो आकडा वर लिहिलाय. आपण तो पाहिला, पण लक्ष फक्त सरासरीकडे दिलं. त्यात मीही आले."

यातल्या कितीतरी मुलांना बाबांनी दहावीत शिकवलं होतं. मग मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, बाकीच्या बरण्या आपण मोजायच्या?"

तास संपल्यावर प्राचार्य उठले. "वाटून द्या मुलांना. सगळ्या मोजून होईपर्यंत वर्ष जाईल," ते म्हणाले. "तोवर वर्ग तुमचाच. पुढचंही लेखी देतो."

दशांश व्हरांड्यात उभा होता. आत यायचं धाडस झालं नव्हतं म्हणे, दारातून ऐकलं.

"राग गेला?"

"नाही."

"किती उरलाय?"

"पाचेक टक्के."

"चालेल. तेवढी चूक आम्ही धरूनच चालतो." मग त्याचा चेहरा बदलला. "मला वाटलं होतं, आलेख दाखवला की तुम्ही पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. तीन दिवस त्याच भीतीत गेले. आणि ती भीती का वाटली, ते…"

"अंदाज आहे मला. पण मी अंदाज वहीत लिहीत नाही."

तो खांबाकडे बघून म्हणाला, "मला तुम्ही आवडता." मग माझ्याकडे बघून, "खूप. किती ते… मोजलं नाही."

दशांशाच्या तोंडून हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. बाबा गेल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते. जाणाऱ्या मुलांना मी दिसू नये असा तो आडवा उभा राहिला.

"घरी चला," थोड्या वेळाने मी म्हणाले. "आईला आलेख दाखवायचाय. सरासरी बिरासरी तुम्ही समजावा. बाकीचं मी सांगेन."

"बाकीचं म्हणजे…?"

"म्हणजे हे कोण आलेत, असं ती विचारेल ना."

"आज? आत्ता? शर्ट खडूने भरलाय हो माझा."

मी हात पुढे केला आणि त्याच्या बाहीवरचा खडू झटकला. मग खांद्यावरचा. तिथे खरं तर काही नव्हतं.