खंडेनवमीची चकती

कंपलेख केंद्राच्या आतल्या दारावर पाटी होती, ‘चकती फिरते आहे. बोलू नये.’ अशा पाट्या आता सगळीकडे दिसत. कोर्टात, डॉक्टरांकडे, लग्न जुळवणाऱ्यांच्या कचेरीत. तीन वर्षांपूर्वी कुणी वाचली असती तर हसला असता. आता पाटी दिसली की माणसं आपोआप आवाज खाली आणत, देवळाच्या पायरीशी चपला काढाव्यात तसा.

दिगंबर विसपुते मात्र नाशिकच्या या केंद्रात इतरांसारखे हरवलेले आवाज शोधायला आलेले नव्हते. त्यांना घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क दुरुस्त करून हवी होती. एवढी जुनी डिस्क उघडून बघणारं भुसावळला आता कुणी उरलं नव्हतं.

त्यांनी स्वतः करून पाहायचं ते सगळं केलं होतं. वायर काढून पुन्हा बसवली. धूळ झटकली. शेजाऱ्याच्या अडगळीतलं जुनं मशीन आणून त्याला डिस्क जोडून पाहिली. शेवटी, चौतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस करील तेच त्यांनी केलं.

“बाई, बेअरिंग गेलेलं नाही,” ते टेबलापलीकडच्या शलाका तांबट यांना म्हणाले. “मी ऐकलंय. स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर आणि मूठ कानाला. चकती सरळ फिरते. आतला तो वाचणारा हात आहे ना, तो जातो, त्याला काही सापडत नाही, परत येतो. टक्. पुन्हा जातो. टक्.”

शलाका या केंद्राच्या शास्त्रज्ञ. वय पस्तिशीचं. त्या हसल्या. “काका, एवढं सांगायला आमच्या यंत्राला पाऊण तास लागतो. नोकरी हवीय का?”

“डिस्क चालू करून द्या, मग बघू.”

शलाकांनी डिस्क दिव्याखाली धरली. झाकणावर लाल-पिवळ्या डागांचा जाड थर होता. त्यांनी तो नखाने खरवडला तेव्हा खाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक निघालं.

“हे कुंकू?”

“खंडेनवमीचं. दर वर्षी हत्यारांच्या पूजेत हिचीही पूजा व्हायची. घरची सगळी माणसं फोटोंतून हिच्यात आहेत, म्हणून माझी बायको शैलजा कॉम्प्युटरचं झाकण उघडून थेट हिलाच कुंकू लावायची. जागाही ठरलेली.”

“ती जागा म्हणजे डिस्कचं नाक, काका. हवा आतबाहेर जायला ठेवलेलं. झाकू नका, असं शेजारी लिहिलेलंही असतं.”

“वाचणार कसं? त्याच्यावर कुंकू होतं.”

दोघंही हसले. विसपुत्यांचं हसू आधी थांबलं. शैलजा जाऊन दोन वर्षं होत आली होती. ऑक्टोबरात दसरा झाला, नोव्हेंबरात ऋजुताचं, त्यांच्या मुलीचं, बाळंतपण झालं, डिसेंबरात शैलजाला यकृताचा कर्करोग निघाला आणि फेब्रुवारीत ती गेली. तीन महिने आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. कळणार कसं? दिवाळीपर्यंत ती ठणठणीत होती. विसपुते भेटेल त्याला हे सांगत. तेवढाच त्यांना आधार होता.

चार दिवसांनी शलाकांचा फोन आला. “काका, समोर बसून बोलायला हवं.”

या वेळी त्यांनी एक कागद पुढे केला. “एसटीत बसून कधी सही केलीय?”

“केलीय की. कोंबडीचे पाय उमटतात.”

“बरोबर. सही तुमचीच असते, पण तिच्यात रस्त्यातला प्रत्येक खड्डा उतरलेला असतो. कुणी नीट बघितलं तर सहीवरून रस्ता सांगता येईल. डिस्कचंही तसंच. आतली काचेची चकती मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि तो हात तिच्यावर वर्तुळं लिहीत जातो. खोलीत कुणी बोललं की हवा थरथरते, चकती थरथरते, आणि वर्तुळ वाकडं होतं. केसाच्या लाखाव्या हिश्शाएवढं. पण वाकडं होतं. यालाच आम्ही कंपलेख म्हणतो. लिहिणाऱ्या यंत्राने नकळत ऐकलेलं.”

“पेपरात वाचलंय. पण ते तुकड्यातुकड्यांत असतं म्हणे. एखादा शब्द, एखादी शिंक.”

“कारण डिस्क थोडी लिहिते आणि थांबते. तुमची थांबलेली नाही.” त्यांचा आवाज बदलला. “दोन वर्षांपूर्वी एका दिवशी ही सकाळी सव्वानऊपासून रात्री आठपर्यंत सलग लिहीत होती. असं मी आजवर पाहिलेलं नाही. काय केलंत त्या दिवशी?”

विसपुत्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, “काही नाही केलं. खंडेनवमी होती. पूजा झाली की हत्याराला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. मी मशीन बंद ठेवायचो, तर ती म्हणायची, विझलेल्या दिव्याला कुणी ओवाळतं का? चालू राहू द्या. मग मी त्याला आवराआवरीला लावून द्यायचो.”

आवराआवर म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फायली उचलून पुन्हा ओळीने लिहून ठेवणं. जुन्या डिस्कना याची गरज पडे आणि त्याला पुरा दिवस लागे. यंत्र आपलं आपण करी, माणसाने हात लावायचा नाही. शैलजा गेल्यावर विसपुत्यांनी ती कधी केली नव्हती. त्यामुळे तो दिवस होता तसा राहिला होता. जवळजवळ अकरा तास. त्यांच्या घराचे.

“काका, आता अवघड भाग. कुंकवाचे कण आत शिरून चकतीवरचा, ज्यात सगळं लिहिलेलं असतं तो लेप खरवडला गेलाय. ही डिस्क एकदाच वाचता येईल. वाचता वाचताच ती संपेल. फोटो हवे असतील तर वाचणाऱ्या हाताने वर्तुळाबरोबर चालायला हवं, ते वळेल तसं वळत. पण मग थरथर हातातच जिरते. आवाज हवा असेल तर हाताने एका जागी उभं राहायचं आणि वर्तुळ खालून कसं झोके खात जातंय ते टिपायचं. मग फोटो गेले. दोन्ही नाही मिळत.”

फोटो सव्वीस वर्षांचे होते आणि दुसरी प्रत नव्हती. आपल्या घरची माणसं इंटरनेटवर, परक्याच्या कोठारात ठेवायची नाहीत, हा हट्ट विसपुत्यांचाच. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी ऋजुताला फोन लावला.

“फोटो घ्या, बाबा,” ती आधी म्हणाली. “माझी शाळा, माझं लग्न, सगळं त्यात आहे.” मग पलीकडे तिने बाळाला उचलून घेतल्याचा आवाज आला. “पण बाबा, त्यात आई आहे का कुठे? फोटो काढायला तीच उभी असायची.”

“चार-पाच असतील. डोळे मिटलेले.”

“मला तिची हाक आठवेनाशी झालीय,” ऋजुता म्हणाली. “घ्या आवाज.”

वाचणारा हात उभा राहिला आणि चकती त्याच्याखालून गेली. विसपुत्यांनी काचेआडून पाहिलं. चकती आरशासारखी होती, आणि हात जिथून पुढे सरके तिथे लेप धुळीसारखा उडून मागे स्वच्छ काच उरे. तिच्यातून खालचं टेबल दिसे. लेथवर त्यांनी केसाएवढ्या मापाचं काम केलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. इथे केसाच्या लाखाव्या हिश्शात एक अख्खा सण बसला होता. त्यांनी नकळत हात जोडले.

त्या वळणांचा आवाज बनवायला यंत्रांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ऋजुता बाळाला घेऊन आली. ऐकायच्या खोलीत एका वेळी एकच माणूस जाऊ शके. शलाकांनी दारात बजावलं, “आत बोलायचं नाही हं. ऐकवतानाच आवाज केंद्राच्या कायमच्या चकतीवर उतरतो. तुम्ही बोललात तर तुमचा आवाज त्यांच्या आवाजात मिसळेल. मग कुणालाही तो वेगळा काढता येणार नाही.”

विसपुते आत बसले. आधी खरखर. मग पंखा, त्यांचाच, तिसऱ्या फेरीला कुरकुरणारा. कुकरच्या शिट्ट्या. पाटावर तांब्या टेकल्याचा आवाज. आणि मग अगदी जवळून, डिस्कवर वाकून बोलावं तशी, शैलजा.

“हं, लावलं कुंकू. माझी सगळी माणसं आहेत बाबा तुझ्यात. सांभाळ.”

विसपुत्यांनी तोंडावर हात धरला. आवाज सुरूच होता. हळू.

“आणि एक. कुणाला सांगू नकोस. या कुशीत महिना झाला, खडा ठेवल्यासारखं दुखतंय. रात्रीची झोप नाही. आत्ता सांगितलं तर हे घाबरतील, पोरगी नववा महिना टाकून धावत येईल. बाळंतपण होऊ दे तिचं. मग दाखवीन.”

चपलांचा आवाज. दार. एका पुरुषाचा मोकळा, खणखणीत आवाज. “कुणाशी बोलतेस गं?”

“कुणाशी नाही. यंत्राशी.”

तो पुरुष हसला. पोटभर, सणाच्या दिवशी हसावं तसा. मग त्याची पावलं स्वयंपाकघराकडे वळली. पुरणाचा वास छान सुटलाय, असं काहीतरी म्हणत तो लांब गेला.

“अरे, जाऊ नकोस,” विसपुते त्याला म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. “मागे फिर. पुन्हा विचार तिला. पुन्हा विचार.”

मागचं दार किलकिलं झालं. कडेवर बाळ, डोळ्यांत वाट पाहणं. “बाबा? झालं? कुणाशी बोलताय?”

विसपुत्यांनी मुलीकडे पाहिलं, मग त्या बाळाकडे.

“कुणाशी नाही गं,” ते म्हणाले.

भिंतीपलीकडे केंद्राची चकती फिरत होती. तिने तेही लिहून घेतलं.