तीन नंबरची खुर्ची

ऑफिसात सगळे तिला 'हंगामी' म्हणत, कारण सहा महिने राबूनही तिची नेमणूक हंगामीच होती. काम खुर्च्यांचं. खुर्चीत कोणी बसलं की त्याचं वजन संगणकाला कळवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, ती लिहीत असे. शुक्रवारपर्यंत संगणक एकदाही कोसळला नाही तर नोकरी कायम, नाहीतर हाती नारळ.

अडचण एकच होती. खुर्ची रिकामी असली की ड्रायव्हर संगणकाच्या स्मृतीतल्या रिकाम्या पत्त्यावर जाऊन कडी वाजवायचा, आणि दार उघडलं नाही म्हणून अख्खी इमारत, म्हणजे संगणकच, पाडायचा. कडी वाजवण्याआधी 'आत कोणी आहे का?' असं विचारून घेणं, हा सरळ उपाय. पण प्रोग्राममध्ये अशी ठिकाणं होती चारशे बारा.

"कशाला जीव काढतेस?" टीमचा प्रमुख म्हणाला. त्याला सगळे मुकादम म्हणत. "रिकाम्या जागी एक खोटा माणूस बसवून टाक. पत्ता रिकामा राहायलाच नको."

तिने बसवला. वजन बावन्न किलो, कारण तिच्या मते सभ्य माणसाचं वजन तेवढंच असतं. संगणक गुण्यागोविंदाने चालू लागला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तीन नंबरच्या रिकाम्या खुर्चीने बावन्न किलो चारशे ग्रॅम दाखवले. बुधवारी सकाळी पुन्हा बावन्न, दुपारी पाचशे ग्रॅम जास्त. तो आकडा तिने स्वतः लिहिलेला, एकदाच. बदलायची सोयच ठेवली नव्हती. मुकादमाने पडद्याकडे पाहून, गड्याला भूक चांगली लागते, एवढंच मत दिलं.

गुरुवारी दुपारपर्यंत शून्य. अर्ध्या दिवसाची रजा टाकली असेल, म्हणून दोघं खूप हसले.

मग हंगामी हसायची थांबली.

तिने खोटा माणूस पुसून टाकला आणि एकेक विचारणा लिहायला घेतली. शुक्रवारी चार वाजता चारशे बारावी झाली. तीन नंबरपुढे पडद्यावर आलं: 'कोणी नाही'. संगणक ठणठणीत.

मुकादमाने कायम नेमणुकीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, की आता तिचं स्टूल बंद, कायमच्या माणसाला चाकांची खुर्ची मिळते. त्याने एका हाताने तीन नंबरची ओढली.

हलली नाही.

दोन्ही हात लावले. तेव्हा आली, सावकाश, गालिच्यात खोल रेघा पाडत.

"बस," तो धापा टाकत म्हणाला.

पडद्यावर अजून 'कोणी नाही' होतं.

सही तिने उभ्यानेच केली.